विश्लेषण : घाट ओला, घड्याळ तेच! बैलगाड्याच्या बारीचा वेळ वाचायचा कसा?

मोबाइलवर अर्ध्या मिनिटाची चित्रफीत येते. निवेदकाचा आवाज टिपेला पोहोचलेला, धुरळा, पुढे घोडी, मागे चार बैल आणि पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळाचा आकडा : ११.४० सेकंद. खाली मजकूर, 'बैल देणे आहे'. पारनेर किंवा संगमनेरच्या पठार भागातला शेतकरी अशी चित्रफीत चार वेळा मागे-पुढे करून पाहतो आणि बैलाच्या किमतीचा अंदाज बांधतो. ही किंमत लाखांत जाते. त्यासाठी कोणी कांद्याचे पैसे घालतो, कोणी उसनवारी करतो. हे ११.४० सेकंद कोणत्या घाटातले, घाट किती फुटांचा, त्या दिवशी माती सुकी होती की ओली, ही दिवसातली कितवी बारी होती, यातले काहीच चित्रफीत सांगत नाही. मग या आकड्यावरून बैल पुढच्या घाटात कसा पळेल, हे ठरवता येते का? घोड्यांच्या शर्यतींमध्ये हाच प्रश्न शंभर वर्षे चघळला गेला आहे आणि त्याची बरीचशी उत्तरेही मिळाली आहेत. ती घाटाच्या कामी येतात का, याचे हे विश्लेषण.

बारी कशी मोजतात?

महाराष्ट्रात बैलांच्या शर्यतीची एकच पद्धत नाही. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे सपाट मैदानात दोन बैलांच्या हलक्या गाड्या एकाच वेळी शेजारी शेजारी सुटतात. गट, उपांत्य आणि अंतिम फेरी अशी उतरंड असते आणि जो पहिला पोहोचेल तो जिंकतो. विदर्भात शंकरपट. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, जुन्नर, आंबेगाव, खेड आणि त्यांना लागून असलेल्या पारनेर-संगमनेर पट्ट्यात मात्र घाटाची पद्धत रुजली. येथे 'घाट' म्हणजे डोंगरातला रस्ता नव्हे, तर चढाची, दोन्ही बाजूंनी बंदिस्त केलेली धावपट्टी. एका वेळी एकच गाडा धावतो. चार बैल, काही ठिकाणी त्यांच्या पुढे घोडी आणि तिच्यावर स्वार. बैलांना पुढे धावणारे जनावर दिसले की ते त्याच्या मागे ओढ घेतात, म्हणून ही घोडी. या एका धावेला बारी म्हणतात. दिवसाची पहिली बारी मारणाऱ्याला फळीफोडचा मान आणि सर्वांत कमी वेळ घेणारा गाडा 'घाटाचा राजा'.

म्हणजे घाटातली शर्यत समोरच्या गाड्याशी नसते, घड्याळाशी असते. सपाट मैदानात हरलेला बैल निदान कोणाकडून हरला ते सर्वांना दिसते. घाटात सकाळी नऊ वाजता पळालेला गाडा आणि दुपारी चार वाजता पळालेला गाडा यांची तुलना फक्त आकड्यावरून होते. त्यामुळे आकडा चुकला किंवा चुकीचा वाचला, तर निकालच चुकतो.

घड्याळ हाताने दाबायचे असेल तर पहिली अडचण तेथेच. डोळ्यांना दिसल्यापासून बोट दाबेपर्यंत माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. सुरुवातीला आणि शेवटी सारखाच उशीर झाला तर तो एकमेकांत वजा होतो, पण तसे नेहमी होत नाही. सुरुवातीची रेषा एकजण पाहतो, शेवटची दुसरा. धावण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत हाताने मोजलेल्या १०० मीटरच्या वेळात ०.२४ सेकंद मिळवूनच त्याची विद्युत घड्याळाशी तुलना करण्याचा प्रघात होता, तो यामुळेच. घाटात काही ठिकाणी आता सेन्सरचे घड्याळ आले आहे, काही ठिकाणी नाही. गाडा सरासरी सेकंदाला १० मीटर वेगाने जात असेल, तर ०.१५ सेकंदाचा फरक म्हणजे दीड मीटर. अनेकदा पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकातले अंतरही एवढेच असते.

११.४० सेकंद सगळीकडे सारखेच का नाहीत?

उत्तर सोपे आहे : घाट सारखे नाहीत. लांबी वेगळी, चढ वेगळा, माती वेगळी. त्यातही चढ फसवा. समजा घाट १२० मीटरचा आहे आणि शेजारच्या गावातला घाटही तेवढाच, फक्त त्याचा चढ दर १०० मीटरमागे ३ मीटरने जास्त आहे. डोळ्यांना हा फरक जेमतेम जाणवतो. हिशेबात मात्र बैलांना शेवटपर्यंत ३.६ मीटर जास्त उंची चढावी लागते. त्यासाठी लागणारी ऊर्जा ही उभ्या बैलाला ताशी ३६ किलोमीटरचा वेग घेण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे ७० टक्के भरते. बारावीच्या भौतिकशास्त्रातली दोन सूत्रे एवढे सांगून जातात. त्यामुळे सपाटीला जवळ असलेल्या घाटात ११ सेकंद करणारा बैल उभ्या घाटात १२ सेकंदांवर गेला म्हणून तो 'उतरला' असे होत नाही.

सुरुवातही पाहावी लागते. रेषेवर गाडा उभा होता की मागून वेग घेऊन आला, घड्याळ बैलाच्या नाकाने सुरू झाले की चाकाने, याचे सर्वत्र एकच माप नाही. अर्धा सेकंद येथेच जातो किंवा वाचतो.

माती हा अहिल्यानगर जिल्ह्यात स्वतंत्र विषय आहे. अकोल्याच्या पश्चिमेला घाटघर, रतनवाडीत सह्याद्रीचा धो-धो पाऊस आणि पारनेर, कर्जतकडे पर्जन्यछायेचा कोरडा पट्टा, असा एकाच जिल्ह्यातला पसारा. पारनेरच्या पठारावर मुरमाड, पातळ थराची जमीन. प्रवरा, मुळा, भीमेच्या काठी काळी, चिकट, भेगाळणारी. गाव आपला घाट तयार करताना जवळची माती आणि मुरूम वापरतो, रोलर फिरवतो, पाणी मारतो. साहजिकच प्रत्येक घाटाचा स्वभाव त्या शिवाराचा असतो.

पाऊस झाला की काय बदलते?

जत्रांचा मुख्य हंगाम पौषापासून चैत्र-वैशाखापर्यंतचा. हे महिने कोरडे, असे गृहीत धरून पिढ्यान्‌पिढ्या तारखा ठरत आल्या. आता अवकाळीने ते गृहीतक मोडले आहे. २०२५ मध्ये तर मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजीच दाखल झाला आणि राज्यभर मे महिन्याचा उत्तरार्ध ओला गेला. त्यामुळे ओल्या घाटाचा प्रश्न आता अपवादाचा राहिलेला नाही.

ओल म्हणजे घाट हळू, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे. समुद्रकिनाऱ्यावर चाललेल्या कोणालाही माहीत असते की कोरड्या वाळूत पाय रुततो, ओलसर वाळूवर टणक बसतो आणि पाण्याने भरलेल्या वाळूत पुन्हा रुततो. मुरमाच्या घाटाचे तसेच. हलकी सर आली, धुरळा बसला, वरचा सुटा थर आवळला, तर घाट उलट वेगवान होतो. पाऊस आणखी वाढला की खूर आत जातो, बाहेर काढायला जोर लागतो, चाकालाही माती धरते. काळ्या मातीचा अंश जास्त असेल तर हा बदल एकदम होतो : थोडी ओल चालते, त्यापुढे चिकट राड. बैलाच्या दुभंगलेल्या खुराला सैल मातीत पसरून आधार मिळतो, पण गुळगुळीत चिकट थरावर तो घसरतो. आणि घसरला की पुढच्या दहा पावलांची लय जाते. अशा वेळी ताकदीने ओढणारा जड बैल कधी हलक्या, चपळ बैलाला मागे टाकतो. सुक्या घाटातला क्रम ओल्या घाटात जसाच्या तसा राहत नाही, तो यामुळे.

येथे एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. घसरडा झालेला चढाचा घाट हा वेळ मोजण्याचा नव्हे, शर्यत थांबवण्याचा विषय आहे. चार बैलांच्या जुंपणीत एकाचा पाय गेला तर तिघांचे वजन त्याच्यावर येते.

दुसरा बदल पावसाशिवायही होतो. मोठ्या जत्रेत दिवसभरात शंभराहून अधिक गाडे पळतात. पहिल्या दहा बाऱ्यांना रोलर फिरवलेला ताजा घाट मिळतो. पन्नासाव्या बारीपर्यंत वरचा थर उखडलेला असतो, दुपारी ऊन चढते, मध्येच टँकरने पाणी मारले जाते. कोणाची बारी कधी, हे चिठ्ठ्या किंवा टोकन ठरवते. म्हणजे नशिबाचा एक मोठा वाटा घड्याळ सुरू होण्याआधीच वाटला गेलेला असतो. पराभूत गाडामालक 'आमची बारी भरदुपारी लागली' म्हणतो, तेव्हा ती नेहमीच सबब नसते.

रेसकोर्सवर यावर काय उपाय काढला?

पुण्याचा घोड्यांच्या शर्यतींचा हंगाम नेमका पावसाळ्यात असतो, साधारण जुलै ते ऑक्टोबर. मुंबईत महालक्ष्मीचे मैदान पावसात शर्यतीजोगे राहत नाही, म्हणून घोडे पुण्यात येतात आणि हिवाळ्यात परत जातात. दोन्ही ठिकाणी मुख्य शर्यती हिरवळीवर होतात. त्यामुळे पुण्यात घोड्याच्या कामगिरीचा अंदाज बांधणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, 'ट्रॅक कसा आहे?' याचे उत्तर तोंडी दिले जात नाही. पेनेट्रोमीटर नावाचे साधे उपकरण असते : ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून सोडायचे आणि टोकदार दांडा जमिनीत किती रुतला ते वाचायचे. असे मैदानभर अनेक ठिकाणी करून सरासरी काढली जाते आणि ती जाहीर होते. हाच आकडा पुढे त्या दिवसाच्या वेळांसोबत राहतो. दोन वर्षांनी कोणी जुना निकाल उघडला, तरी जमीन कशी होती ते कळते.

सकाळच्या सरावाचे वेळही छापून येतात, आणि त्यासोबत घोडा वाळूवर पळाला की हिरवळीवर, हेही. वाळूवरचा ६०० मीटरचा वेळ आणि हिरवळीवरचा वेळ एकाच रकान्यात कोणी धरत नाही. घाटाच्या चित्रफितींमध्ये हे भान अजून आलेले नाही.

परदेशात एक पाऊल पुढे जाऊन हवामानाचा प्रश्नच मिटवण्याचा प्रयत्न झाला. वाळू, कृत्रिम धागे, रबराचे तुकडे यांवर मेणाचा लेप देऊन 'ऑल-वेदर' म्हणजे सर्व हवामानांत चालणारे ट्रॅक तयार झाले. पाणी झिरपून जाते, बर्फातही शर्यत होते. ब्रिटनमध्ये १९८९ मध्ये लिंगफील्ड येथे अशा ट्रॅकवर पहिली शर्यत झाली. आता तेथे वुल्व्हरहॅम्प्टन, केम्प्टन, न्यूकॅसल असे अनेक ट्रॅक आहेत. अपेक्षा होती की पृष्ठभाग कायम सारखा राहील आणि घोड्याचा खरा कस कळेल. ती पुरती खरी ठरली नाही. मेण उन्हात मऊ होते, थंडीत आवळते. कॅलिफोर्नियातील डेल मार येथे सकाळचा सराव आणि दुपारची शर्यत यांत पृष्ठभाग वेगळा जाणवतो, अशी तक्रार प्रशिक्षकांनी केली. ब्रिटनमध्ये या ट्रॅकसाठीही 'स्टँडर्ड', 'स्लो', 'फास्ट' अशी वर्गवारी जाहीर करावीच लागते. एका ऑल-वेदर ट्रॅकवर चमकलेला घोडा दुसऱ्या ऑल-वेदर ट्रॅकवर चमकेलच, असेही नाही, कारण प्रत्येकाचे मिश्रण आणि वळणे निराळी.

सर्वांत मोठा धडा अमेरिकेतल्या कर्लिन या घोड्याने दिला. २००७ मध्ये न्यू जर्सीतील मॉनमथ पार्कच्या पावसाने चिखल झालेल्या मातीवर त्याने ब्रीडर्स कप क्लासिक ही प्रतिष्ठेची शर्यत जिंकली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तीच शर्यत कॅलिफोर्नियातील सांता अनिता येथे कृत्रिम पृष्ठभागावर झाली. कर्लिन सर्वांच्या पसंतीचा. तो चौथा आला. पहिला रेव्हन्स पास आणि दुसरा हेन्रीदनॅव्हिगेटर, दोघेही युरोपातल्या हिरवळीवर वाढलेले. घोडा वर्षभरात खराब झाला नव्हता, पायाखालचे बदलले होते. पुढे २०१० च्या डिसेंबरमध्ये सांता अनितानेही कृत्रिम ट्रॅक काढून पुन्हा माती आणली.

उपकरणाइतकाच महत्त्वाचा उपाय कागदावरचा होता. ब्रिटनमध्ये फिल बुल नावाच्या गणिताच्या शिक्षकाने शर्यतींच्या वेळांचा अभ्यास करून घोड्यांना गुण द्यायला सुरुवात केली आणि १९४८ मध्ये 'टाइमफॉर्म'ची स्थापना केली. अमेरिकेत वृत्तपत्रातील स्तंभलेखक अँड्र्यू बायर यांनी १९७५ मध्ये आपल्या पुस्तकातून वेगाचे गुणांक सामान्य वाचकांपर्यंत नेले. दोघांच्या मुळाशी विचार एकच : घोड्याचा वेळ एकटा वाचायचा नाही. त्या दिवशी त्या ट्रॅकवर इतर सर्वांनी काय वेळ दिले ते आधी पाहायचे, ट्रॅक किती वेगवान किंवा मंद होता ते त्यातून काढायचे आणि तेवढा भाग वजा करून उरलेले श्रेय घोड्याला द्यायचे.

हे घाटात करता येईल का?

करता येते, आणि त्यासाठी पेनेट्रोमीटरही लागत नाही. वही आणि पेन्सिल पुरे. घाटाला रेसकोर्सपेक्षा एक मोठी सोय आहे : एकाच दिवशी, एकाच धावपट्टीवर, एकाच अंतरावर शंभर बाऱ्या. रेसकोर्सवर दिवसात आठ-दहा शर्यती होतात, त्याही वेगवेगळ्या अंतरांच्या.

काल्पनिक उदाहरण घेऊ. 'अ' गावच्या सुक्या घाटात एका गाड्याने ११.४० सेकंद दिले. त्या दिवशीचे सर्व वेळ चढत्या क्रमाने लावले, तर बरोबर मधला वेळ १२.१० येतो. म्हणजे हा गाडा मधल्यापेक्षा ०.७० सेकंदाने पुढे, साधारण ५.८ टक्के. 'ब' गावच्या घाटात आदल्या रात्री पाऊस झालेला. तेथे दुसऱ्या गाड्याने १२.०५ दिले, पण त्या दिवसाचा मधला वेळ १३.२०. म्हणजे १.१५ सेकंदाने पुढे, साधारण ८.७ टक्के. चित्रफितीत ११.४० चा बैल भारी दिसतो. हिशेबात १२.०५ चा गाडा बराच सरस ठरतो. बाजारात मात्र किंमत पहिल्याला जास्त मिळेल.

येथे सरासरीऐवजी मधला वेळ घेण्याला कारण आहे. एखादा गाडा मध्येच बिथरतो, कडेला जातो, वीस सेकंद घेतो. असे दोन-तीन गाडे सरासरी बिघडवतात. मधल्या वेळावर त्यांचा परिणाम होत नाही.

घाट दिवसभरात बदलत असेल तर आणखी एक पायरी. संपूर्ण दिवसाचा मधला वेळ घेण्याऐवजी त्या बारीच्या आधीच्या दहा आणि नंतरच्या दहा बाऱ्या घ्यायच्या आणि त्यांच्यातला मधला वेळ काढायचा. भरदुपारी उखडलेल्या घाटात पळालेल्या गाड्याला त्याच्यासारख्याच परिस्थितीत पळालेल्यांशी तोलले जाते. 'बारी दुपारी लागली' ही तक्रार मग तपासून पाहता येते : शेजारच्या वीस बाऱ्याही तशाच मंद असतील तर तक्रार खरी.

या पद्धतीला मर्यादा आहेत. 'अ' गावात चांगले गाडे जास्त आले असतील तर मधला वेळच कडक असतो आणि तेथे ५.८ टक्के मिळवणे अधिक अवघड. यावर तोडगा म्हणजे दोन्ही घाटांत पळालेले समान गाडे शोधणे. पाच-सहा गाडे जरी दोन्हीकडे सापडले, तरी एक घाट दुसऱ्यापेक्षा किती सेकंदांनी मंद होता याचा बरा अंदाज येतो. जुने गाडाशौकीन हे डोक्यात करतातच. 'तिकडे तो अमका अकराला गेला होता, इकडे त्याला साडेअकरा लागले, म्हणजे घाट जड आहे,' हे वाक्य घाटाच्या कडेला बसलेल्या कोणाही जाणत्याकडून ऐकायला मिळते. फिल बुलने कागदावर केले ते हेच.

चार बैल, एक वेळ : श्रेय कोणाचे?

घोड्याच्या शर्यतीत एक घोडा, एक जॉकी. शिवाय चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देऊन सामना बरोबरीचा केला जातो, म्हणून प्रत्येकाचे गुण वेगळे नोंदलेले असतात. घाटात वेळ गाड्याचा असतो, विक्री मात्र एकेका बैलाची होते. हा सगळ्यात घोटाळ्याचा भाग आहे.

त्यात अनेकदा चारही बैल एका दावणीचे नसतात. दोन-तीन मालक मिळून गाडा जुंपतात, त्याला जुगलबंदी म्हणतात. एखादा बैल उजव्या खांद्याचा, म्हणजे उजवीकडे जुंपला तरच मोकळा पळणारा, एखादा डावीकडचा. पुढच्या जोडीला वेग आणि सरळ धाव लागते, मागच्या जोडीवर गाड्याचा भार जास्त असतो. पुढची घोडी बदलली तरी बैल वेगळे पळतात. ११.४० च्या बारीनंतर चारही बैलांचे मालक 'आमच्या बैलाची बारी' म्हणून चित्रफीत टाकू शकतात आणि कोणीही खोटे बोलत नसतो.

यातून वाट एकच, ती म्हणजे बदल शोधणे. तो बैल वेगळ्या जोडीदारांसोबत पळाला तेव्हा त्या गाड्याने मधल्या वेळापेक्षा किती पुढे बारी मारली? तो नसताना उरलेले तीन बैल कसे पळाले? जोडीदार बदलूनही ज्याच्या गाड्याचे आकडे चांगले राहतात, तो बैल खरा. एकाच जुंपणीत कायम पळालेल्या बैलाबद्दल मात्र आकडे काहीच सांगू शकत नाहीत, विकणारा कितीही ठासून सांगत असला तरी.

आणखी एक सापळा आहे. चित्रफीत पसरते ती बैलाच्या सर्वोत्तम बारीची. दहा बाऱ्यांमधली एक ११.४० आणि उरलेल्या १२ च्या पुढे असतील, तर पुढची बारी १२ च्या आसपास येण्याचीच शक्यता अधिक. सर्वोत्तम बारीत बैलाच्या ताकदीसोबत त्या दिवसाचे नशीबही मिसळलेले असते : ताजा घाट, नेमकी सुटका, सरळ धाव. ताकद पुढच्या वेळी सोबत येते, नशीब येईलच असे नाही. बैल विकायला निघतो तो नेमका अशा बारीनंतर, आणि नवा मालक दोन महिन्यांनी 'बैल दृष्टावला' म्हणतो. बहुतेक वेळा बैल तेवढाच असतो.

जुन्या नोंदी का उपयोगी पडत नाहीत?

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूसह बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, पण उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे शर्यती सुरू होऊ शकल्या नाहीत. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राचे कायदे वैध ठरवले. मधली साडेसात वर्षे म्हणजे एका बैलाचे जवळपास संपूर्ण धावण्याचे आयुष्य. वडिलांचे, आजोबांचे वेळ ज्यांच्याशी ताडून पाहायचे, ती साखळी तुटली. बंदीआधीच्या वेळांशी आजच्या वेळांची तुलना तशीही गैर आहे. आज काठी, चाबूक, टोचणी यांना मनाई आहे, आणि क्रूरता आढळल्यास दंड व कैदेची तरतूद आहे. मारून काढलेला वेळ आणि न मारता काढलेला वेळ हे दोन वेगळे खेळ आहेत.

परवानगीनंतर पैसा मात्र जोरात आला. मे २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडमधील चिखलीच्या शर्यतीत जेसीबी, बोलेरो अशी बक्षिसे लागली. बक्षिसे वाढली तशा बैलांच्या किमती वाढल्या आणि कडेला पैजाही लागू लागल्या. येथे कायद्याची रेषा ठळक आहे. १९९६ मध्ये मद्रास रेस क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले, कारण घोड्याची पूर्वीची कामगिरी, जॉकी, वजन, अंतर यांचा अभ्यास करून अंदाज बांधता येतो. हा निकाल घाटाच्या कडेला पैज लावणाऱ्यांच्या कामाचा नाही. परवानाधारक रेसकोर्सवरील घोड्यांच्या शर्यतीला जी सवलत आहे, ती बैलगाड्याला नाही. घाटातली पैज जुगारच ठरते. अंदाज बांधण्याचा खरा उपयोग बैल घेणाऱ्याला, देणाऱ्याला आणि आपला बैल कोणत्या घाटात न्यायचा, कोणत्या दिवशी घरी ठेवायचा हे ठरवणाऱ्याला आहे.

बैल घेताना काय विचारावे?

दात पाहणे, खूर पाहणे, चालवून पाहणे हे कोणाला शिकवायला नको. आदत बैलाचे, म्हणजे ज्याचे दुधाचे दात अजून पडलेले नाहीत त्याचे, आजचे वेळ वर्षभराने सुधारू शकतात. जुळलेल्या बैलाचे सुधारण्याची आशा कमी. हेही शेतकऱ्याला ठाऊक असते. विचारायचे राहते ते आकड्यांबद्दल. एका चित्रफितीऐवजी शेवटच्या पाच-सहा बाऱ्या मागाव्यात, त्यात हरलेल्याही. प्रत्येक बारीचे गाव, तारीख, बारीचा क्रमांक आणि सोबतचे तीन बैल कोणते. गावाचे नाव आणि तारीख कळली की त्या जत्रेचे थेट प्रक्षेपण यूट्यूबवर बहुधा सापडते. दिवसभराची चित्रफीत पुढे ढकलत आधीच्या आणि नंतरच्या दहा बाऱ्यांचे वेळ लिहून घ्यायला तासभर लागतो. लाखाच्या व्यवहारापुढे हा तास जास्त नाही. आणि त्यात घाटाचा रंगही दिसतो : धुरळा उडतोय, की चाकामागे काळपट ओला पट्टा उमटतोय.

यातले निम्मे काम यात्रा समित्यांना सहज करता येईल. वेळ नोंदवणाऱ्याच्या वहीत सर्व बाऱ्या क्रमाने लिहिलेल्या असतातच. जाहीर होतात त्या मात्र क्रमांक मिळवलेल्या. वहीची पाने फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकली, आणि वर घाटाची लांबी, चढ, पाणी कितव्या बारीनंतर मारले आणि पाऊस केव्हा झाला एवढ्या चार गोष्टी लिहिल्या, तर त्या पानाला रेसकोर्सच्या निकालपत्राची किंमत येईल. तूर्त ती वही संध्याकाळी बक्षीस वाटप झाले की कोणाच्या तरी पिशवीतून घरी जाते आणि पुढच्या वर्षी जत्रेला नवी वही आणली जाते.